तारपा नसलेला फेर

मागच्या चिकू महोत्सवात काकूच्या स्टॉलचं लेबल मी केलं होतं. गोल स्टिकर, मध्ये तपकिरी चिकू, त्याच्याभोवती वारली नाचाचा फेर आणि खाली क्यूआर कोड. वारली आकृत्यांची फाइल इंटरनेटवर फुकट मिळाली होती. तिच्यात फेराच्या मधोमध एक माणूस लांबलचक, फुगीर वाद्य तोंडाला लावून उभा होता. चिकूला जागा हवी होती, म्हणून मी त्या माणसाला सिलेक्ट केलं आणि डिलीट दाबलं. दोन सेकंदांचं काम. पाचशे स्टिकर छापून आले. काकू खूश, मी खूश, ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला तर तिथेही सगळे खूश.

महोत्सवाच्या आदल्या दुपारी वाडीत बसून आम्ही खोक्यांवर ते चिकटवत होतो. मावशीने एक स्टिकर हातात घेतला. मावशी म्हणजे आमच्या वाडीत तीसेक वर्षं चिकू तोडणारी वारली बाई. नवरा होता तोवर तो झाडावर चढायचा आणि ती खालून काठीने तोडायची, निवडायची. आता वर चढायला तिचा भाचा येतो. तिने स्टिकर जरा लांब धरला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "तारपा कुठंय?"

"जागा नव्हती," मी म्हटलं.

"मग हे नाचतात कशावर? चिकूवर?"

ती हसली, मीही हसलो, आणि तिने पुढचं खोकं ओढलं. तिच्यासाठी विषय तिथे संपला. मला मात्र त्या प्रश्नाने पुढचे दोन दिवस महोत्सव नीट बघू दिला नाही, किंवा खरं तर पहिल्यांदाच नीट बघायला लावला. सिनेमा किंवा कादंबरीबद्दल आपण विचारतो की ही गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगितली आहे, कोणाला संवाद दिलेत, कोण नुसतं मागून चालत जातं. फळाच्या महोत्सवालाही तेच प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

ज्यांनी हा महोत्सव पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या पुढे गुजरातच्या हद्दीला लागून घोलवड आणि बोर्डी ही गावं आहेत. बोर्डीत समुद्रकिनाऱ्याजवळ हा महोत्सव 2013 साली सुरू झाला. त्याच वर्षी विरारला थांबणारी लोकल डहाणूपर्यंत यायला लागली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता की नाही कोण जाणे, पण मुंबईच्या माणसासाठी आमचा भाग त्या वर्षी दोन्ही बाजूंनी जवळ आला. थंडीतला एखादा शनिवार-रविवार. चिकूच्या चिप्स, चिकूची पावडर, लोणचं, हलवा, कुल्फी, मिठाई, अगदी वाइनसुद्धा. वारली चित्रं शिकवणारे, मडकी वळायला देणारे, तारपा नाच, सुरुच्या झाडांत सेल्फी काढणारी कुटुंबं आणि वाडी दाखवायला नेणाऱ्या गाड्या.

सगळ्यात आधी कबूल करतो, मला हा महोत्सव आवडतो. टीका लिहायची म्हणून नाक मुरडायचं नाही. चिकू हे फळ मराठीत कायम मागच्या बाकावर बसलेलं आहे. आंब्यावर आपल्याकडे ललित लेखांचा डोंगर आहे, फणसाच्या नावाने स्वभाव सांगितले जातात, बोरीबाभळींनाही कवितेत जागा मिळते. चिकूच्या वाट्याला काय आलं? मिल्कशेक, आणि कुत्र्याच्या पिल्लासाठी एक नाव. इंजिनिअरिंगला होस्टेलवर मी घरून चिकू घेऊन गेलो की मित्र म्हणायचे, अरे आंबे आण ना. अशा फळासाठी कोणीतरी मांडव घालतं, त्यावर दोन दिवस नाचतं आणि लोक त्याच्यासाठी गाडी पकडून येतात, याचं आमच्यासारख्या वाडीवाल्यांच्या घरात काय मोल आहे ते बाहेरून कळणार नाही. आमच्या काकूने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे कमावले ते याच महोत्सवात, चिकूच्या चिप्स विकून. त्याआधी चिकू म्हणजे दलालाकडे जाणारी खोकी आणि त्याच्याकडून येणारी पट्टी, एवढंच. पट्टीवरचा आकडा वाचून बाबा चष्मा काढून ठेवायचे.

मग अडतं कुठे? माझ्या मते महोत्सवाच्या भाषेतल्या एका शब्दावर. तो शब्द म्हणजे 'स्थानिक'. स्थानिक फळ, स्थानिक चव, स्थानिक कला. स्टॉलच्या फळ्यांवर, पोस्टरांवर, आमच्या लेबलवरही होता तो, फेराच्या खाली, जाड अक्षरांत.

आता चिकू किती स्थानिक आहे? हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. त्याचा चीक वाळवून तिथले लोक शेकडो वर्षं चघळत आले. नाहुआत्ल भाषेत त्याला 'त्झिक्तली' म्हणत, त्यातून स्पॅनिशमध्ये 'चिकले' झालं. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये त्याच चिकापासून च्युइंग गम बनवून विकायला सुरुवात झाली. लहानपणी आपण खाल्लेल्या चिकलेट्सचं नाव त्यातूनच आलेलं. फळाचं आपलं नावही त्याच कुळातलं. घोलवडला हे झाड 1898 च्या सुमारास लागलं असं सांगितलं जातं, आणि ते रुजवलं इराणहून आलेल्या झरतुष्ट्री लोकांनी. म्हणजे झाड परदेशी आणि लावणाराही बाहेरून आलेला. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. सव्वाशे वर्षांत झाड इथलं झालं, इराणी इथले झाले, आमच्या पणजोबांनी कलमं लावली आणि आम्हीही वाडीवाले झालो. 2016 साली 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. 2021 मध्ये हाच जीआयवाला चिकू ब्रिटनला गेला, तेव्हा सरकारी प्रसिद्धिपत्रकात घोलवडच्या कॅल्शियमयुक्त मातीमुळे याला वेगळी चव आहे असं कौतुकाने सांगितलं होतं. परक्या फळाला इथल्या मातीने स्वतःचं नाव दिलं. मला हे फार सुंदर वाटतं.

पण याच तालुक्यात आणखी एका गोष्टीला जीआय आहे, आणि तो चिकूच्या आधीचा, 2014 चा. वारली चित्रकला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं जगभर गेली. त्यांच्या आधी ही चित्रं लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाष्णी काढत, तांदळाच्या पिठाने, आणि खाली कोणी सही करत नसे. म्हसे यांच्यानंतर कागद आला, कापड आलं, प्रदर्शनं आली आणि सहीसुद्धा आली. वारली माणूस चित्रकार म्हणून जगाला नावानिशी माहीत झाला.

तोच वारली माणूस वाडीत चिकू तोडतो. महोत्सवात तो भिंतीवर आहे, कुर्त्यांवर आहे, मगवर आहे, आमच्या स्टिकरवर आहे आणि संध्याकाळी स्टेजवर नाचतो. ज्या फळासाठी सगळे जमलेत ते फळ त्याने, किंवा बहुतेक वेळा तिने, काल सकाळी तोडलं, ही एवढी गोष्ट कुठेच लिहिलेली नसते. ज्या नात्याने तिचा चिकूशी रोजचा संबंध आहे, नेमकं ते नातं वगळून बाकी सगळ्या रूपांत ती हजर आहे. मी हे आयोजकांवर ढकलत नाही. आमच्यासारख्या पन्नास स्टॉलवाल्यांनी मिळून ही भाषा घडवली आहे आणि त्यातलं एक लेबल माझ्याच लॅपटॉपवर आहे, फाइलचं नाव 'फायनल फायनल 3'.

क्यूआर कोडबद्दलही सांगतो, कारण ती माझी खास कामगिरी. कोड स्कॅन केला की आमच्या वाडीचं पान उघडायचं. त्यामागे मी एक छोटा डेटाबेस केला होता. झाडाचं वय, जात (कालीपत्ती), मातीचा प्रकार, शेवटचं खत कधी घातलं, तोडणीची तारीख, खोक्याचा क्रमांक. 'झाडापासून तुमच्या हातापर्यंत' असं वर लिहिलं होतं. मावशीच्या प्रश्नानंतर त्या रात्री मी ते टेबल उघडून पाहिलं. 'कोणी तोडला' असा रकानाच त्यात नव्हता. रकाना असून तो रिकामा असता, तर निदान कुठली माहिती राहिली आहे ते दिसलं असतं. आमच्या कामात हा फरक पहिल्या वर्षी शिकवतात. रिकामा रकाना कधीतरी कोणीतरी भरतो. रकानाच नसेल तर काही राहून गेलंय हे कोणालाच कळत नाही.

कोणी म्हणेल, तोडण्यात काय एवढं? तोडणारा कोणीही असला तरी चिकू तोच. मीही असंच समजायचो. सहा-सात वर्षांचा असताना मी स्वतः एक अख्खी टोपली तोडली होती आणि बाबांनी ती अख्खी टोपली गुरांपुढे टाकली होती.

चिकूची अडचण अशी की तो सांगत नाही. आंबा रंग बदलतो, वास सोडतो. केळं पिवळं पडतं. चिकू कोवळा असतानाही तपकिरी आणि तयार झाल्यावरही तपकिरी. त्यात एकाच झाडावर एकाच वेळी फूल, बारकी फळं, अर्धी वाढलेली आणि तोडायला आलेली फळं असतात. वर्षभर. म्हणजे आंब्यासारखा एकदा हंगाम आला, उतरवला, मोकळे झालो असं नाही. दर तोडणीला हजारो फळांमधून आज कोणती आणि पुढच्या आठवड्यात कोणती हे ठरवायचं असतं. मावशी फळाकडे बघते, अंगावरचा खरखरीत कोंडा झडत आलाय का ते पाहते आणि शंका आली तर नखाने सालीवर एक बारीक ओरखडा काढते. खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर थांबायचं. पिवळट दिसलं तर तोडायचं. शंका तिला शंभरात एखाद्या वेळी येते. बाकीचं ती काठी वर नेता नेताच ठरवून मोकळी होते. कोवळा तोडलेला चिकू नंतर कितीही दिवस ठेवा, धड पिकत नाही. तोंडात तुरट रवाळ काहीतरी येतं, आणि खाणारा म्हणतो, यंदा चिकू बरोबर नाही.

गेल्या वर्षी ऑफिसमध्ये मी मोठ्या उत्साहाने एक प्रयोग केला. वाडीतल्या चिकूंचे फोटो काढले, मावशीने तयार सांगितलेले एका फोल्डरमध्ये आणि कोवळे दुसऱ्यात, आणि एक मॉडेल शिकवलं. फोटो थोडे होते, मी काही त्यातला तज्ज्ञ नाही, हे मान्य. पण निकाल असा होता की नाणं उडवलं असतं तरी फार वाईट झालं नसतं. मावशीला हे सांगितलं तर तिने विचारलं, "फोटोला नख लावलं का?"

तर घोलवडच्या मातीत चव आहे, हे खरंच. पण ती चव तुमच्या तोंडापर्यंत येते की वाटेत मरते, हे तोडणारीच्या डोळ्यावर ठरतं. भौगोलिक मानांकनाच्या 1999 च्या कायद्यात शेतमालाचा 'उत्पादक' कोण याची व्याख्या आहे. तिच्यात पिकवणारा येतो, प्रक्रिया करणारा येतो, पॅकिंग करणारा येतो, व्यापार करणाराही येतो. तोडणाऱ्याचा वेगळा उल्लेख नाही. मालकाच्या पोटात तो धरला असावा. महोत्सवाने ही कायद्याची नजर जशीच्या तशी उचलली, त्यावर वारली नक्षीची किनार लावली, आणि त्यामुळे ती नजर जास्तच गोड दिसायला लागली.

इथे थोडा जुना इतिहास काढावा लागतो. बोर्डीपासून फार लांब नाही, तलासरीच्या बाजूला झरी नावाचं गाव आहे. मे 1945 मध्ये तिथे हजारो वारली जमले आणि वेठबिगारी बंद, असं ठरवून उठले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहिलं आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने जमीनदाराकडे वर्षानुवर्षं राबायचं, अशा 'लग्नगडी' पद्धतीबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते त्या पुस्तकात, पुण्यात, फ्लॅटच्या गॅलरीत बसून. शाळा मी याच तालुक्यात शिकलो, तिथे हा धडा कधी आला नाही. आज वाडीत वेठ नाही, रोजंदारी आहे, आणि कोणी मारत नाही. दोन्हींची तुलना करायची नाही. पण वारली माणसाने या भागात 'आमच्या कामाचं काय?' असं एकदा मोठ्याने विचारलेलं आहे, आणि त्याची आठवण महोत्सवाच्या स्टेजवरच्या दोन दिवसांत कुठेही बसत नाही. नाच मात्र छान बसतो.

तारप्याबद्दलही मला नंतरच कळलं. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं ते वाद्य. वाजवणारा मध्ये फिरत असतो आणि फेर त्याच्या सुरावर वळतो. तो सूर बदलतो तेव्हा पावलं बदलतात, फेर उलटा फिरतो. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. म्हणजे त्या चित्रातल्या ज्या एका माणसाला मी जागा खातो म्हणून काढलं, त्याच्यामुळेच बाकीच्यांच्या पायांना अर्थ होता.

हे सगळं डोक्यात घेऊन मी बाबांशी भांडलो. म्हटलं, यंदाच्या पानावर रकाना घालतो. कोणी तोडला आणि किती मजुरी दिली. खोक्याचा भाव लिहितोच, त्यातले किती तोडणाऱ्याला गेले तेही लिहू. बाबा शांतपणे जेवत होते. म्हणाले, "लिही. आणि त्याच्या खाली दलालाचं कमिशन लिही. पावसात गळून गेली ती फळं लिही. बिया पोखरणाऱ्या अळीवर काय खर्च झाला तो लिही. आणि तुझा पगार लिही, म्हणजे लोकांना कळेल वाडी कशावर चाललीय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाडी खरंच थोडी माझ्या पगारावर चालते. चिकू कोल्ड स्टोरेजमध्ये नीट टिकत नाही, थंडी लागली की बिघडतो. त्यामुळे भाव पडला तरी थांबता येत नाही, येईल त्या भावाला द्यावा लागतो. तरुण मजूर उंबरगाव, वापी, बोईसरच्या कारखान्यांत जातात आणि त्यांनी का जाऊ नये? शेजारच्या दोन वाड्या मालकांनी व्यापाऱ्याला वर्षाच्या कराराने देऊन टाकल्या आहेत. तिथे कोण तोडतं, काय मिळतं, मालकालाही माहीत नसतं. बाबांचं म्हणणं, मजुरी छापली तर शेजारचे वाडीवाले आधी आपल्याशी बोलायचे बंद होतील, आणि गिऱ्हाईक 'अरेरे' म्हणेल पण खोक्याला दहा रुपये जास्त देणार नाही. दुसऱ्या मुद्द्यावर मला वाटतं ते बरोबर आहेत. पहिल्यावर मी अजून भांडतो आहे. आणि हो, मजुरीचा आकडा या लेखातही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. लेख छापायला देण्याआधी बाबांना वाचून दाखवला. तेवढी एक अट त्यांनी घातली आणि मी ती मानली. टीकाकार म्हणून माझी लायकी काय, ते तिथे ठरवा.

वरून जमिनीचा प्रश्न आहेच. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्यासाठी प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अनेक वर्षं त्याचे अध्यक्ष होते. मोठे कारखाने लांब राहिले, वाड्या राहिल्या, त्यात या निर्बंधांचा मोठा वाटा आहे. आता 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, 76,000 कोटींच्या घरातला प्रकल्प, आणि बाबांच्या फोनवर अनोळखी नंबर वाढलेत. "साहेब, वाडी द्यायची आहे का?" अजून दिलेली नाही. दिली तर जमिनीचे पैसे आम्हाला मिळतील. मावशीला तीस वर्षांच्या कामाचं काहीही मिळणार नाही, कारण तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, मानांकनात नाही, लेबलवर नाही, माझ्या डेटाबेसमध्येही नाही. वाडी होती तेव्हा ती तिथे होती, याचा कागदाचा एक तुकडाही नाही. माझ्यासाठी 'स्थानिक' या शब्दाचा प्रश्न इथे येऊन टोचतो. मेक्सिकोतून आलेल्या फळाकडे इथलं असल्याचं प्रमाणपत्र आहे.

मग महोत्सवाने काय करावं? मजुरांचा सत्कार नको. शाल, श्रीफळ, फोटो, आणि सोमवारी पुन्हा तेच. 'वाडी दर्शन'मध्ये पाहुण्यांच्या हातात दहा मिनिटं काठी देतात, ते मजेचं आहे, पण त्यातून उलटाच समज होतो की हे काय, कोणालाही जमतं. मला याच बोर्डीतली एक जुनी गोष्ट आठवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये इथे बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जायची. तेव्हा शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. मुलं जिथे होती आणि जे करत होती, तिथून शिकवणं सुरू झालं. फळाच्या महोत्सवालाही एखाद्या बुधवारी सकाळी, स्पीकर न लावता, वाडीत येता येईल. तोडणारी बाई शिकवेल आणि पाहुणे शिकतील. त्या सकाळची तिला मजुरी मिळेल, शिकवणाऱ्याची, तोडणाऱ्याची नव्हे.

हे मी मावशीला फार रंगवून सांगितलं. आणि विचारलं, यंदा लेबलवर तुझं नाव घालू का?

"नाव कशाला?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "त्या दोन दिवसांचा रोज मिळेल का?"

मला कळलंच नाही. मग बाबांनी मान खाली घालून सांगितलं. महोत्सवाच्या शनिवारी-रविवारी आम्ही सगळे स्टॉलवर असतो, वाडीत पाहुणे फिरत असतात, म्हणून तोडणी बंद ठेवतो. तोडणी बंद म्हणजे रोज बंद. जेवढी वर्षं आम्ही स्टॉल लावतोय, तेवढी वर्षं चिकूचा सण मावशीच्या घरात दोन दिवसांचा खाडा म्हणून आला आहे. आमच्या घरात कोणी हे कधी मोजलं नव्हतं. हा दोष सर्वस्वी आमचा.

यंदा मावशी स्टॉलवर होती, दोन्ही दिवसांचा रोज घेऊन. नवीन स्टिकर मी गंजाडच्या बाजूच्या एका मुलाकडून पैसे देऊन काढून घेतला. फेर आहे, मध्ये तारपा आहे, चिकू एका कोपऱ्यात गेला आहे आणि काकूला ते अजिबात आवडलेलं नाही. पानावर 'कोणी तोडला' हा रकाना आला. त्यात मावशीचं नाव नाही, तिने नको म्हटलं. तिथे 'विचारा' एवढंच लिहिलं आहे आणि स्टॉलचा नंबर.

लोकांनी विचारलं. मुंबईहून आलेल्या एका जोडप्याला मावशीने नख लावून दाखवलं. हा आज नको, परवा खा. हा तुझ्या लेकराला आत्ता दे. हा कोणी तोडला रे, हा आपल्या वाडीतला नाही. अर्ध्या तासात तिथे पंधरा-वीस जण जमले आणि जो तो हातात चिकू घेऊन नखाने ओरबाडायला लागला. आमच्या इतक्या वर्षांत स्टॉलसमोर अशी गर्दी मी पाहिली नव्हती. काकू मागून दबक्या आवाजात ओरडत होती, "अगं, त्यांना सांग, बघा पण खरवडू नका! खरवडलेला कोण घेणार?" मावशी ऐकायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, खरवडल्याशिवाय कळणार कसं?

रविवारी रात्री दोन खोकी ओरखडे पडलेले चिकू परत आले. पुढचे चार दिवस आम्ही तेच खाल्ले. त्यातले काही बऱ्यापैकी कोवळे होते. मी तोडले होते ते.